साहेबांना पाझर फुटला

पूर्वी साहेब ओरडायचे. हल्ली साहेब रडतात. प्रगतीच म्हणायची, फक्त समोरच्याने अशा वेळी काय करायचं हे अजून कुणी ठरवून दिलेलं नाही. ओरडणाऱ्या साहेबापुढे निदान मान खाली घालून उभं राहता यायचं. रडणाऱ्या साहेबाला पाणी द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा, की हाच मुहूर्त साधून रखडलेल्या इन्क्रिमेंटचा विषय काढायचा?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्रेडन वॉलेक नावाच्या एका छोट्या कंपनीच्या प्रमुखाने दोन जणांना घरी पाठवलं आणि मग स्वतःचा डोळे भरून आलेला फोटो लिंक्डइनवर टाकला. ज्यांची नोकरी गेली त्या दोघांचा फोटो नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, जगाला कळलं नाही. दुःखाच्या भरात फोन हातात घ्यायचा, कॅमेरा उलटा करायचा, उजेड बघायचा आणि थेंब हनुवटीपर्यंत पोचायच्या आत बटण दाबायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. जगभरातून त्याला शिव्या पडल्या. मला तो माणूस बरा वाटला. निदान दोघांवर भागलं.

त्याच्या आधी आठ महिने, डिसेंबर २०२१ मध्ये, गृहकर्ज देणाऱ्या न्यूयॉर्कच्या बेटर डॉट कॉमचे विशाल गर्ग यांनी सुमारे नऊशे माणसांना झूमवर बोलावलं, तुम्ही या कॉलवर आहात म्हणजे तुमची नोकरी गेली असं सांगितलं आणि काही मिनिटांत विषय संपवला. नाताळ तोंडावर आला होता. बोभाटा झाला, माफी झाली, साहेब रजेवर गेले. जानेवारीत परत आले तेव्हा कंपनीने कळवलं की मधल्या काळात त्यांनी आपल्या नेतृत्वाबद्दल आत्मचिंतन केलं आणि एका एक्झिक्युटिव्ह कोचची मदत घेतली. नऊशे जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि एका माणसाचा वैयक्तिक विकास झाला. मार्चमध्ये त्याच कंपनीने आणखी सुमारे तीन हजार माणसं कमी केली, त्यात भारतातलीही होती. या खेपेला काहींना झूमचीही वाट बघावी लागली नाही. कुणी काही सांगायच्या आत त्यांना ॲपमध्ये नुकसानभरपाईची रक्कमच जमा झालेली दिसली. कोचची फी वाया गेली असं कोण म्हणेल? आकडा तिपटीवर गेला की.

तर साहेबांमधला माणूस शोधण्याचा हा उद्योग सध्या जोरात आहे. त्याचे कोच आहेत, कार्यशाळा आहेत, प्रमाणपत्रं आहेत, विमानतळावरच्या दुकानात एक अख्खं कपाट आहे. माझी शंका एवढीच आहे की माणूस शोधायला माणसं निघतात खरी, पण शोध नेमका पगारपत्रक, रजेचा अर्ज आणि नोटीस पिरियड या तीन ठिकाणी पोचण्याआधी थांबतो.

ही शंका आजची नाही. या शास्त्राचा उगमच बघा. शिकागोजवळ सिसेरो नावाचं गाव आहे. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता, टेलिफोनची यंत्रं बनवणारा. १९२४ पासून तिथे प्रयोग सुरू झाले. दिव्यांचा उजेड कमी-जास्त केला तर काम किती वाढतं, इथून सुरुवात. मग १९२७ मध्ये रिले जोडणाऱ्या पाच मुली वेगळ्या खोलीत बसवल्या. कधी मधली सुट्टी वाढवली, कधी तास घटवले, कधी खायला दिलं, आणि बाजूला बसून मोजत राहिले. काम वाढलं. निष्कर्ष असा निघाला की माणसाकडे कुणी आपुलकीने लक्ष दिलं की माणूस फुलतो. हे आजही एमबीएच्या वर्गात भक्तिभावाने शिकवतात.

त्या पाचातल्या दोघींना जानेवारी १९२८ मध्ये खोलीतून काढलं होतं, हे मात्र घाईघाईत राहून जातं. त्या फार बोलत होत्या आणि हात हवा तसा चालत नव्हता. त्यांच्या जागी दोन चपळ मुली आणल्या आणि आलेख वर गेला. पायाभरणीला नारळ लागतोच. इथे तो दोघींच्या हातात दिला.

पुढे १९३६ पासून त्याच कारखान्यात समुपदेशक नेमले गेले. कामगाराने मन मोकळं करायचं, त्यांनी ऐकायचं, साहेबाला जाऊन सांगायचं नाही. उत्तम. फक्त गाऱ्हाणं दूर करण्याचा अधिकार त्यांना नव्हता, तो द्यायचाच नाही असं ठरलेलं होतं. आपल्या एचआरच्या मॅडम ‘माझं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे’ म्हणतात, ते हेच दार. उघडं असतं, खोटं कशाला बोला. आत बसलेल्याला सहीचा अधिकार नसतो, इतकंच.

१९६० मध्ये एमआयटीच्या डग्लस मॅकग्रेगर यांनी ‘द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइझ’ लिहून या साऱ्याला पोथी दिली. त्यांनी साहेबांच्या दोन समजुती मांडल्या. थिअरी एक्सवाल्याला वाटतं, माणूस मुळातच कामचुकार, त्याला हाकलावंच लागतं. थिअरी वायवाल्याला वाटतं, माणसाला काम आवडतं, त्याला मोकळीक दिली की तो स्वतःहून जबाबदारी घेतो. आपल्याकडे ही अडचण येत नाही, कारण दोन्ही साहेब एकाच खुर्चीत बसतात. टाऊन हॉलच्या भाषणात वाय, मस्टरवर एक्स.

मॅकग्रेगर मात्र सरळ माणूस होता. तो स्वतः सहा वर्षं अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष होता आणि ती खुर्ची सोडताना, १९५४ मध्ये, त्याने कबूल करून टाकलं की नेत्याने सगळ्यांशी सल्लागारासारखं गोडीत राहिलं की अप्रिय निर्णय टळतात अशी आपली समजूत होती आणि ती साफ चुकीची निघाली. अधिकार वापरणं टळत नाही, आणि त्याची जबाबदारीही. कोच लोकांच्या स्लाइडवर एक्स येतो, वाय येतो, हे पान काही येत नाही. ते आलं तर दुपारचं सत्र कसं चालायचं?

आता दुपारच्या सत्राचं सांगतो, कारण मी एकदा अशा ऑफसाइटला पाहुणा म्हणून गेलो होतो. कंपनीचं नाव विचारू नका, जेवण चांगलं होतं. मुळशीचं रिसॉर्ट, वार अर्थातच शनिवार. हिंजवडीच्या गेटवरून पहाटे सहाला बस सुटलेली, सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट, छातीवर ‘वन टीम, वन हार्ट’. साइज मात्र एचआरने अंदाजाने मागवलेले, त्यामुळे हार्ट कुणाच्या पोटावर, कुणाच्या काखेत. पहिला खेळ ट्रस्ट फॉलचा. साहेब टेबलावर पाठमोरे उभे राहिले, डोळे मिटले आणि मागे पडले. खाली आठ जण हात जोडून उभे. झेलणाऱ्यांत एक पोरगा पीआयपीवर होता, म्हणजे तीन महिन्यांत सुधार, नाहीतर निघ. सगळ्यात घट्ट त्यानेच धरलं.

जेवणानंतर गोल करून बसवलं. दिवे मंद, मागे बासरी. प्रत्येकाने आपली एक जखम सांगायची. सुरुवात साहेबांनी केली: कडक वडील, अकरावीत गेलेला विषय, मग कंठ दाटला. टाळ्या. मग पोरापोरींनी आपापल्या जखमा काढल्या, कुणी खऱ्या, कुणी तोंडी लावण्यापुरत्या, कारण ज्याच्याकडे अप्रेझल आहे त्याच्यासमोर खरी जखम दाखवायला अक्कल गहाण टाकावी लागते. शेवटी अकाउंट्समधल्या एका काकांची पाळी आली. ते म्हणाले, “मला तसं काही दुःख नाही. दोन वर्षांचा एलटीए अडकलाय, तेवढा सोडवा.”

बासरी चालूच होती. कोच क्षणभर गडबडला, मग हसून म्हणाला, “ग्रेट शेअर! हा मुद्दा आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू.” पार्किंग लॉट म्हणजे भिंतीवर लावलेला एक चार्टपेपर. अडचणीचे मुद्दे पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचे असतात. संध्याकाळी बस सुटली तेव्हा रिसॉर्टचा पोऱ्या तो चार्टपेपर गुंडाळून रद्दीत टाकत होता. एलटीए अजून तिथेच कुठेतरी पार्क केलेला असेल.

माझा राग रडण्यावर नाही. साहेब रडले तर रडोत बापडे. राग आहे तो दुखणं कंपनीचं आणि काढा कर्मचाऱ्याला, या वैद्यकीवर. चार माणसांचं काम दोघांवर टाकलं की त्या दोघांना ‘रेझिलियन्स’ शिकवायचा. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर काम टाकायचं आणि झोप लागत नाही म्हटलं की ध्यानाचं ॲप फुकट द्यायचं. रजा मागितली की वेळेच्या नियोजनाचं पुस्तक. वैयक्तिक विकास या नावाखाली चाललेला बराचसा व्यवहार इतकाच आहे: बिघाड खात्यात आहे हे मान्य करायचं नाही, म्हणून तो माणसात आहे असं त्याला पटवून द्यायचं. तोही पटवून घेतो. पहाटे पाचला उठतो, डायरी लिहितो, गार पाण्याने अंघोळ करतो आणि नऊ वाजता त्याच दोघांपैकी एक होऊन जागेवर बसतो.

डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या येसमॅडम या कंपनीच्या नावाने एक ईमेल फिरला. कर्मचाऱ्यांना ताण आहे का, अशी पाहणी केली होती. ज्यांनी खूप ताण आहे असं कळवलं त्यांना निरोप देत आहोत, असं त्यात लिहिलेलं. देशभर गदारोळ झाल्यावर कंपनीने खुलासा केला की कुणालाच काढलेलं नाही, ताणाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी हे केलं होतं. त्या ईमेलवर एवढ्या लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, हाच मला त्यातला खरा पाहणी-अहवाल वाटतो. थट्टा आहे हे सांगावं लागलं, कारण ती कुणालाच थट्टा वाटली नाही.

उलट काही साहेब अजून जुन्या घराण्याचे आहेत, आणि मला त्यांचा आधार वाटतो. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तासांचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं: नव्वद तास करा, रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत वाटते, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसाल? आनंद महिंद्रांनी त्यावर आपल्याला बायकोकडे बघत बसायला आवडतं, असं जाहीर सांगून टाकलं. महिंद्रांच्या घरचा प्रश्न मिटला. इतरांचा राहिला. त्या सुमारास सगळ्यांनी लार्सनचा वार्षिक अहवाल उघडला. २०२३-२४ मध्ये अध्यक्षांना एक्कावन्न कोटींच्या घरात मिळाले होते, कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पाचशे पटीहून जास्त. म्हणजे त्या मधल्या माणसाला तेवढी रक्कम बाजूला पडायला बाबर पानिपतावर यायच्या आधीच रुजू व्हायला हवं होतं. रविवार धरून बसला असता तर थोडं उशिरा आला तरी चाललं असतं.

आणि हा रविवारही साहेबांच्या पाझरातून आलेला नाही. तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी मिळवला. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. अर्ज झाले, सभा झाल्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. मालकांमधला माणूस जागा झाला हे खरं, पण दहा हजारांनी हाक मारल्यावर. बासरी नव्हती.

गंमत म्हणजे आज उलटा प्रवास चालू आहे. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात रोजचे नऊ तास होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते दहा करायला मंजुरी दिली. कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं खासगी विधेयक बारामतीच्या खासदारांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकाचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं झालं. संसदेतही पार्किंग लॉट आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा आपला जुना शेठ बरा. मार्केट यार्डातला, गादीवर बसणारा, पोराच्या मुंजीला येणारा, लेकीच्या लग्नाला उचल देणारा. बरा असतोही. नावानिशी विचारपूस करतो, दवाखान्यात डबा पाठवतो. फक्त पीएफ भरत नाही. वीस माणसं झाली की पीएफचा कायदा लागू होतो, म्हणून कित्येक दुकानांत मस्टरवरचं कुटुंब एकोणिसावर थांबतं. इतकं काटेकोर कुटुंबनियोजन सरकारी दवाखान्यालाही जमलेलं नाही. आणि उचल दिली की माणूस हलत नाही, हे शेठलाही कळतं आणि ऊसतोडीच्या मुकादमालाही.

कुटुंबाचा विषय निघालाच आहे तर एक विचारून घेतो. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य काचेच्या ऑफिसात आणि गादीवर दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. मग वाटणीच्या वेळी सातबाऱ्यावर नाव का नसतं? मराठी माणसाला कुटुंब कळतं साहेब. भाऊबंदकीसकट कळतं.

विश्वास ठेवणारे मालक झालेच नाहीत असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर, निवडुंग आणि साप हटवून, किर्लोस्करवाडी वसवली. तिथे रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. रामराज्य नव्हतं ते, मालक तो मालकच होता. पण कारखान्याची रात्र त्याने अशा माणसांच्या हवाली केली ज्यांना गावात कुणी ओसरीवर बसू देत नव्हतं, आणि या गोष्टीचा लिंक्डइनवर फोटो नाही. आता इकडे बघा. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने डझनाहून अधिक लोकांना काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा देखावा करत होते. देखाव्याचं समर्थन मी करत नाही. पण पदवीधराला लठ्ठ पगार द्यायचा आणि तो बसला आहे की नाही हे त्याच्या उंदराला विचारायचं, हा कुठला मानवी चेहरा? आपल्याकडेही बऱ्याच आयटीवाल्यांच्या लॅपटॉपवर हा पहारेकरी बसवलेला असतो. त्याच लॅपटॉपच्या स्क्रीनसेव्हरवर ‘वुई ट्रस्ट यू’ सरकत असतं.

चाकणच्या एका कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज माझ्या ओळखीचा आहे. डिप्लोमावाला, बोलायला रांगडा, इंग्रजी यथातथाच. त्याच्या लाइनवरच्या एकाच्या आईचं मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असतं. याने खिशातली वही काढली, बी शिफ्टमधल्या दोघांशी बोलला, तिघांच्या पाळ्या अशा फिरवल्या की मंगळवार-शुक्रवार दुपार त्या पोराला मोकळी मिळते आणि लाइनवर एक नगही कमी पडत नाही. कुणाच्या पगाराला हात लागला नाही. वर कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर पॉलिसी निघाली असती, पॉलिसीची कमिटी झाली असती, आणि तोवर डायलिसिस थांबलं नसतं.

एप्रिलमध्ये त्याचं अप्रेझल झालं. ‘पीपल लीडरशिप’च्या रकान्यात पाचपैकी दोन. शेरा: टीममध्ये फार गुंततो, प्रोसेस पाळत नाही. पुढच्या महिन्यात त्याला पवईला तीन दिवसांच्या कोर्सला पाठवणार आहेत, विषय एम्पथी. तो नाराज आहे, कारण मधे एक शुक्रवार येतो.